विक्रम लाड, ओ निगेटिव्ह

“ह्यांना फोन करायचं तेवढं बंद करा,” असं ती बाई म्हणाली तेव्हा जिनेंद्रला वाटलं, नंबर चुकला असणार. जेवणाचा डबा नुकताच धुऊन ठेवलेला, हात अजून ओले, आणि टिळकवाडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात जेवणानंतर जी एक जड शांतता पसरते तिच्यात पंखा तेवढा कुरकुरत होता. बाहेर श्रावणाची बारीक झड. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. “मंगल लाड बोलतो, मच्छ्यातनं. विक्रम लाडची बायको. तुमच्या त्या रक्ताच्या ॲपात आमचं नाव हाय. काढा म्हणून दोनदा सांगून झालं. काढलंय म्हणालासा. तरी फोन यायचे थांबंनात.” असल्या तक्रारी नेहमीच्या होत्या. ‘सोबती’ हे ॲप त्यांच्या लहानशा कंपनीने बेळगावातल्या एका तरुण मंडळाला बनवून दिलं होतं. कुणाला रक्त लागलं की आपला गट निवडायचा, जवळपासच्या दात्यांची नावं दिसायची, नावावर बोट ठेवलं की सरळ फोन लागायचा. दाते कंटाळायचे, गाव सोडून पुण्याला जायचे, नाव काढा म्हणायचे. त्यासाठी एक ठरलेलं वाक्य होतं आणि जिनेंद्रने ते विचार न करता म्हटलं, “वहिनी, नाव काढायचं तर दात्यानं स्वतः सांगावं लागतं. त्यांना जरा फोन देता का?” पलीकडे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज झाला. मग ती अगदी साधेपणाने, जणू पत्ता सांगावा तशी म्हणाली, “ते गेले की ओ सर. संक्रांतीच्या अगोदर.”

बघतो, असं काहीतरी तो पुटपुटला. फोन ठेवल्यावर हात पुसायचे राहिलेत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते पँटलाच पुसले. ऑफिसातल्या मुख्य यादीत विक्रम लाड हे नाव नव्हतं. फेब्रुवारीतच काढलेलं होतं, मंडळाने आपलं काम चोख केलं होतं. मग त्याने टेबलाच्या खणातला जुना, काचेला तडा गेलेला फोन काढला. तो तपासणीसाठी ठेवलेला होता, बरेच महिने त्यात सिमकार्डही नव्हतं. चार्जर लावून तो उजळायची वाट बघत तो बसला. ‘सोबती’ उघडलं. ओ निगेटिव्ह. विक्रम लाड, मच्छे. नावाशेजारी हिरवा ठिपका, आणि खाली एकच शब्द, उपलब्ध.

गोष्ट समजायला अवघड नव्हती, आणि त्यामुळेच त्याला जास्त थकवा आला. ॲप एकदा उघडलं की नावांची एक प्रत फोनमध्येच साठवून ठेवायचं, म्हणजे रेंज नसली तरी यादी दिसावी. त्या साठवणीला मुदत होती. मुदत संपली की नवीन यादी मागवायची. पण रेंजच नसेल तर? तर जुनी आहे तीच दाखवायची, असा नियम होता. आणि रेंज आलीच, तर फक्त नव्याने आलेली नावं खाली उतरायची. गेलेल्या नावांचं काय, हे कुणालाच सुचलं नव्हतं. येणाऱ्यांची सोय झाली होती, जाणाऱ्यांची झाली नव्हती. त्यामुळे खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या किती फोनांमध्ये विक्रम लाड अजून हिरव्या ठिपक्याने बसलेला आहे, हे सांगायला कुणीच नव्हतं.

अनुराधा मॅडमना त्याने सांगितलं तेव्हा त्या कुठल्याशा मोठ्या गिऱ्हाइकाच्या मीटिंगच्या तयारीत होत्या. कंपनी त्यांचीच. “मुदत संपली की सगळं पुसून टाक ना,” त्या लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाल्या, “जुनी माहिती दाखवायचीच कशाला? नेटवर्क नाही, असं येऊ दे स्क्रीनवर. एका दिवसाचं काम आहे.” “जांबोटीकडं रेंजच नसते मॅडम. पावसात तर टॉवर आठ-आठ दिवस बंद.” “मग त्यांनी काय करावं असं तुझं म्हणणं आहे? गेलेल्या माणसांना फोन लावावेत?” त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. त्याही दमलेल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. तो जागेवर येऊन बसला. जांबोटीचा तो नियम अंबुबाईमुळे आला होता. ॲप पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा तिथल्या दवाखान्यातली ही नर्सबाई त्यांना भेटली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात छत्री, आणि बोलताना सारखी आभाळाकडे बघण्याची सवय. तिने फोन उलटसुलट करून बघितला होता आणि म्हणाली होती, “अडलेली बाई गाडीत घातली की खानापुरापत्तूर मला रेंज गावत न्हाय. तवर निदान नावं-नंबर तरी वाचू देत, वाटंत कुठं तारंचा फोन गावला तर त्यावरनं लावतो. जुनी असंनात का. धा जणांतला एक तरी उचलंल.” तिच्यासाठी तो नियम. आता तो नियम पुसायचा म्हणजे तिच्या हातातली नावं पुसायची. न पुसावा तर मच्छ्यातल्या त्या घरी फोन वाजत राहणार.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्याने दिवा लावला नाही. हिंडलग्याच्या बाजूला आभाळ मळकट तांबडं झालं होतं आणि खालच्या घरात कुणीतरी कन्नडमधून मुलाला पाढे शिकवत होतं. थकवा त्याला आता ओळखीचा झाला होता. तो कामाचा नव्हता. कामाचा असता तर झोपेने गेला असता. दिवसभर माणसं जिथं आहेत तिथंच राहतील असं धरून चालायचं आणि ती तिथं नसतात, याचा तो होता. कुणी नव्याने ओळख झालेलं माणूस विचारायचं, तुम्ही भावंडं किती? आणि दर वेळी जिनेंद्र त्या प्रश्नाशी अडखळायचा. एक बहीण आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, कुठं दिलीय. होती म्हणावं, तर समोरच्याचा चेहरा पडणार. आक्का जिवंत होती. चिकोडीजवळच्या एका खेड्यात तिचा चातुर्मास चालू होता, म्हटलं तर दीडेक तासाच्या वाटेवर. पण कांता उरली नव्हती. हायस्कुलात गणित शिकवणारी, वर्गात खडूचा तुकडा नेमका मागच्या बाकावर मारणारी कांता पाटील जैन साध्वीच्या दीक्षेच्या दिवशी निपाणीच्या मांडवात सगळ्यांदेखत संपली होती. आदल्या दिवशी नवरीसारखी मिरवणूक निघाली, हातभर मेंदी, रथ, बँड. दुसऱ्या दिवशी ती मांडी घालून बसली आणि स्वतःच्या हाताने डोक्यावरचे केस मूठ-मूठ उपटत गेली. लोक जयजयकार करत होते. आई खाली सांडलेले केस पदरात गोळा करत होती. तेवढ्यात कुणीतरी माईकवरून नवीन नाव सांगितलं आणि गर्दीने ते लगेच उचललं, जणू इतकी वर्षं ते याच नावाची वाट बघत होते. जिनेंद्रला ते नाव त्या दिवशी नीट ऐकूही आलं नव्हतं. शेजारच्याला विचारून घ्यावं लागलं होतं, स्वतःच्या बहिणीचं नाव.

त्यानंतरच्या पहिल्या चातुर्मासात तो आईला आणि आप्पांना घेऊन दर्शनाला गेला होता. पांढऱ्या सुती साडीत ती भिंतीपाशी बसलेली, शेजारी मोरपिसांची पिच्छी, चेहरा उन्हाने काळवंडलेला आणि तरीही कसा कोण जाणे, धुतल्यासारखा. आप्पांनी हात जोडून “वंदामि माताजी” म्हटलं, अगदी परक्या साध्वीला म्हणावं तसं, आणि ते पाठ करून आले होते हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. आईला मात्र राहवलं नाही. “कांता, लई वाळलीस गं,” ती म्हणाली. त्याने त्या क्षणी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागाची, दुःखाची, संयमाचीही कसली रेघ तिथे उमटली नाही. ते नाव तिच्यापर्यंत पोचलंच नाही. मागून कुणी दुसऱ्याला हाक मारावी आणि आपण वळू नये, तशी ती बसून राहिली आणि मग सावकाश पिच्छी उचलून तिने तिघांनाही आशीर्वाद दिला. परतीच्या गाडीत आई म्हणाली, “ऐकाय आलं नसंल तिला. माणसं किती बोलायलती.” आप्पा खिडकीतून उसाकडे बघत होते. जिनेंद्रने पुढे बघून गाडी चालवली. आई अजूनही चटणी कुटताना थोडी बिनलसणाची, कमी तिखटाची बाजूला काढते. ती कुणासाठी हे घरात कुणी विचारत नाही.

पुढच्या शनिवारी तो मच्छ्याला गेला. जायची गरज नव्हती. फोनवर विचारता आलं असतं. पण त्या बाईचा आवाज, पत्ता सांगावा तसा मृत्यू सांगणारा, त्याच्या कानातून जात नव्हता. उद्यमबागेच्या कारखान्यांमधून बस पुढे सरकत होती, फाउंड्रीचा करपट वास ओल्या हवेत खाली उतरलेला. विक्रम अशाच एका फाउंड्रीत होता, ट्रकने उडवला तोही कामावरून येताना, हे त्याला मंडळाच्या पोरांकडून कळलं होतं. घर गल्लीच्या शेवटी. ओट्यावर एक म्हातारा बसलेला, डोक्याला पांढरा रुमाल, आणि त्याच्या मांडीवर फोन, पाळीव प्राणी असावा तसा. “विक्रमचं मित्र काय ओ तुमी?” त्याने मोठ्याने विचारलं. ऐकायला कमी येणारी माणसं बोलतात तसा. जिनेंद्रच्या तोंडात खरं उत्तर तयार होतं, मी ॲपचं काम करतो, आणि त्याच्या तोंडून निघालं, “व्हय.” “मग बसा की. शिफ्टला गेलाय. यायची वेळ झालीच.” दारातून आतल्या भिंतीवरचा फोटो दिसत होता. त्याला घातलेला चंदनी हार जुना होऊन पिवळा पडला होता.

मंगल आतून आली. कपाळ मोकळं, बोटांना काजूच्या सालीचे काळे डाग. काजूच्या कारखान्यात ती सकाळीच जायची, आज सुट्टी होती. तिने त्याला आत बसवलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. मग दार अर्धं लोटून ती हळू बोलू लागली. “फोन मामंजी उचलतात. मी कामावर असतो, पोरगी शाळेत. कुणी विचारलं, विक्रम हाईत काय, की हे म्हणतात, हाय, पाठवतो. दवाखाना कुठला ते बी विचारून घेतात.” तिचा सासरा, मारुतीराव. “गेल्या म्हैन्यात खानापूरकडचा एक माणूस. लेक बाळंत झालेली, रक्त थांबंना. ह्यांनी त्याला सांगितलं, निघालाय. तो बिचारा सकाळपासनं दवाखान्याच्या गेटात उभा. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघायचा. दुसरीकडं शोधलंच न्हाय त्यानं. दुपारी मंडळाच्या पोरांनी कुठनंतरी आणून दिलं म्हणून वाचली पोरगी.” तिने अर्ध्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. “मग तो हितं आला, भांडायला. दारातनंच शिव्या देत आला. आणि फोटो दिसला त्याला. टोपी काढली, उंबऱ्यावर बसला. पाणी पिला न् गेला. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं ओ.”

“मामांना ठाऊक नाही?” जिनेंद्रने विचारलं. “सगळं ठाऊक हाय. खांदा दिलाय त्यांनी. फोन वाजला की तेवढं इसरतात. न्हायतर इसरायचं असं ठरवतात. मला कळत न्हाय.” नंबर बंद का करत नाही, असं त्याने विचारलं, आणि विचारल्यावर प्रश्न उद्धट वाटला. बँकेला तोच, शाळेला तोच, कारखान्याच्या ऑफिसला तोच, असं ती म्हणाली. मग जरा वेळाने, डागाळलेली बोटं पदराला पुसत, “आणि असू दे की. नंबरानं काय केलंय.” तो निघाला तेव्हा मारुतीराव ओट्यावरून म्हणाले, “आला की सांगतो तुमी येऊन गेलता म्हणून.” जिनेंद्र पुन्हा “व्हय” म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने ते दोन होकार मनात पुन्हा मोजले. आपण दोनदा विक्रमला जिवंत ठेवला, त्याला वाटलं. कुणी सांगितलं नसताना, नुसतं खरं सांगायचा कंटाळा आला म्हणून.

काम एका दिवसाचं नव्हतं. त्याने अनुराधा मॅडमचं ऐकलं नाही आणि अंबुबाईचंही पूर्ण ऐकलं नाही. आधी त्याने काढलेल्या नावांची सोय केली. फोनला रेंजचा नुसता वारा लागला तरी पहिल्यांदा गेलेली नावं पुसली जावीत, नवी मागाहून आली तरी चालतील. मग मुदतीचं. मुदत संपलेली नावं पुसायची नाहीत, पण त्यांचा हिरवा ठिपका काढून घ्यायचा आणि वर ठळक अक्षरात लिहायचं, ही माहिती जुनी आहे, एकावर अवलंबून राहू नका, सगळ्यांना फोन करा. आणि फारच जुनी झाली, तर मात्र पूर्ण काढून टाकायची. ते ‘फारच’ म्हणजे किती, इथे तो दिवसच्या दिवस अडून राहिला. माणूस किती दिवस न दिसला म्हणजे तो आहे असं धरू नये? एखादा आकडा टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच असतं, पण बोटं कीबोर्डवर तशीच राहायची आणि पडद्यावरचा कर्सर उघडझाप करत राहायचा. शेवटी त्याने जांबोटीला मंडळाच्या पोरांकरवी निरोप धाडून अंबुबाईलाच विचारलं. “पावसाळाभर ऱ्हाऊ दे,” तिचा निरोप आला, “दिवाळी झाली की मी सोता खानापुरात येऊन नवी नावं भरून घेतो.” तो आकडा त्याने टाकला. “किती दिवस घालवतोयस याच्यावर?” मॅडमनी एकदा विचारलं. “मंडळ काही आपल्याला पोसत नाही.” “झालंच,” तो म्हणाला. तो हेही म्हणाला असता की झालं म्हणजे काय ते मला कळत नाही, पण तेवढं बोलायचं त्राण नव्हतं.

गणपतीनंतर नवीन ॲप बाहेर पडलं. त्याने मंगलला फोन केला. संध्याकाळची वेळ बघून केला, म्हणजे तीच उचलेल. ज्यांच्या फोनात नवं ॲप उतरेल त्यांच्यातनं नाव जाईल, त्याने सांगितलं, पण काहीजण जुनंच वापरत राहतात, त्यांच्या फोनातलं मला काढता येत नाही. “म्हणजे कुठंतरी हाईतच ते,” ती म्हणाली. त्यात तक्रार होती की सुटका, हे त्याला कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. त्या रविवारी तो निपाणीला घरी गेला. आईने चटणीची छोटी बरणी भरून कपाटात ठेवताना त्याने पाहिलं. चातुर्मास अजून संपला नव्हता. जाऊ या का दर्शनाला, असं तो म्हणाला, आणि आईने इतक्या पटकन मान वर केली की त्याला वाईट वाटलं, आपण हे आधी का विचारलं नाही याचं. गेले. आईने या वेळी “वंदामि माताजी” म्हटलं. शब्द नीट उच्चारले. बाहेर आल्यावर चपला घालताना ती त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली, आणि ती एरवी जितका भार टाकायची त्यापेक्षा जरा जास्तच भार होता.

दसरा झाल्यावर मंगलचा फोन आला. फोन यायचे थांबलेत, ती म्हणाली. आता मामंजी दिवसभर ओट्यावर फोन धरून बसतात. जेवायलाही आत येत नाहीत. बिघडलाय काय बघ, म्हणून शेजारच्यांना दाखवतात. आपण केलेलं काम तंतोतंत लागू पडलं होतं. “म्हणून म्हणतो सर,” ती पुढे म्हणाली, “माझं नाव घाला. बी पॉझिटिव्ह. कारखान्यात तपासलंय. नंबर हाच.” “वहिनी, फोन मामाच उचलणार.” “उचलू देत. मी सांगितलंय त्यांना.” काय सांगितलंय ते तिने सांगितलं नाही.

नवा दाता नोंदला की मंडळातलं कुणीतरी एकदा फोन करून खात्री करून घ्यायचं. या नोंदीचा फोन जिनेंद्रने स्वतःकडे घेतला. सकाळचं कोवळं ऊन ऑफिसच्या पायऱ्यांवर आलं होतं. तो तिथेच उभा राहिला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“हॅलो, मंगल लाड आहेत का?”

नुसता श्वास ऐकू आला, दमेकऱ्याचा, लांब. “विक्रम पायजे काय?” मारुतीरावांनी विचारलं.

“न्हाय मामा. मंगल लाड.”

पुन्हा श्वास. कुठेतरी कोंबडी ओरडली. जिनेंद्रला वाटलं, आता फोन ठेवला जाईल, किंवा पाठवतो म्हणतील, आणि मग आपण काय करायचं.

“विक्रम न्हाय,” म्हातारा म्हणाला. मग एरवीपेक्षा हळू, जणू स्वतःलाच ऐकू जाऊ नये म्हणून, “विक्रम वारला ओ. सून हाय. तिचं रक्त चालंल काय?”

“चालतंय मामा,” जिनेंद्र म्हणाला.

“थांबा. जाऊ नगासा. हाक मारतो.” आणि फोन तोंडापासून न हलवताच मारुतीराव ओरडले, “मंगल, ये गं लवकर! रक्त पायजे म्हणतात!” पायांचा आवाज, दाराची कडी, आणि धापा टाकत मंगल, “हां बोला. कुठला दवाखाना?”

“कुठलाच न्हाय वहिनी. मी जिनेंद्र. नुसतं बघायला केलता, फोन लागतोय का.”

“असं व्हय.” ती हसली की तिने श्वास सोडला, ते समजलं नाही. “लागतोय की.” मागे मारुतीराव विचारत होते, कुणाला काय झालंय, कसं हाय माणूस. तिने फोनवर हात ठेवला असावा, तरी आवाज आला.

“कुणाला काय न्हाय मामंजी. सगळी बरी हाईत.”

“बरं झालं,” म्हातारा म्हणाला.